फोन फुटला, नंबर कुठे गेले?



आज एक साधा प्रश्न विचारते. ऐकता ऐकता मनातल्या मनात उत्तर द्या. तुम्हाला किती जणांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत? स्वतःचा धरून सांगा. गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न बऱ्याचदा विचारते. कुणी दोन म्हणतं, कुणी तीन. सासरी गेलेल्या लेकीचा नंबर पाठ नाही हे सांगताना बाया आधी हसतात, मग जरा गप्प होतात. कारण पुढचा प्रश्न मी न विचारताही त्यांना कळतो. उद्या फोन हातातून पडला, काच फुटली, पडदा काळा झाला, तर काय करायचं?

फुटलेल्या फोनातून नंबर कसे परत मिळवायचे, ते मी आज सांगणारच आहे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. नंबर आज कुठे अडकून बसलाय हे समजायचं असेल, तर तो आजवर कुठे कुठे राहत आला ते पाहावं लागतं. गावाचा इतिहास असतो, घराण्याचा असतो, तसा नंबराचाही आहे. आणि त्या इतिहासात आपण बायाही आहोत, फक्त आपलं नाव त्यात फारसं लिहिलेलं नाही.

सुरुवातीला फोन होता, पण नंबर नव्हता. टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना अमेरिकेत १८७६ साली मिळालं. दोन वर्षांनी, १८७८ च्या फेब्रुवारीत, तिथल्या न्यू हेवन शहरात फोन असणाऱ्यांची यादी छापली गेली. एकच कागद आणि त्यावर पन्नास नोंदी. एकाही नावापुढे आकडा नाही. फोन उचलायचा आणि ऑपरेटरला सांगायचं, अमक्या डॉक्टरांना जोडून द्या, तमक्या दुकानाला जोडून द्या. कुणाची तार कुठे आहे, हे सगळं त्या ऑपरेटरच्या डोक्यात असायचं.

पुढच्याच वर्षी, १८७९ साली, त्याच देशातल्या लोवेल शहरात गोवराची साथ आली. तिथे दोनशेच्या वर फोन झाले होते आणि ते जोडून देणारे ऑपरेटर होते चार. मोझेस पार्कर नावाच्या डॉक्टरांच्या मनात आलं, हे चौघं एकदम आजारी पडले तर? नवा माणूस आणून बसवला तर त्याला कोण कुठे आहे ते कसं कळणार? त्यांनी सुचवलं, प्रत्येक फोनला एक आकडा द्या. मग कुणीही बसलं तरी काम अडणार नाही. तिथून नंबर सुरू झाले.

बघा, नंबर जन्माला आला तोच या भीतीतून, की ओळखी एकाच ठिकाणी साठवल्या आणि ते ठिकाणच बंद पडलं तर काय? आज आपल्या फोनचा पडदा काळा होतो तेव्हा आपल्या पोटात जो गोळा येतो, तो दीडशे वर्षं जुना आहे.

आपल्या देशात १८८२ साली कलकत्ता आणि मुंबईसारख्या शहरांत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. पण खेड्यापर्यंत फोन यायला शंभर वर्षं लागली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात मिळून ८० हजारांच्या आसपास फोन होते. आपल्या आजीच्या काळात निरोप जायचा तो माणसाबरोबर, नाहीतर पत्रातून. अगदीच तातडीचं असेल तर तार. तार आली म्हटलं की आत काय लिहिलंय हे कळायच्या आधीच घरातल्या बाया रडायला लागत, कारण तारेने बहुतेक वाईटच बातमी यायची. देशात १८५० पासून चालत आलेली ही तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली. तारेला नंबर लागत नव्हता, पत्ता लागत होता. माणूस म्हणजे त्याचं गाव, मोहल्ला आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव.

मग ट्रंक कॉल आला. तालुक्याच्या पोस्टात जायचं, नंबर नोंदवायचा आणि बसून राहायचं. ऑपरेटर लाइन जोडून देईल तेव्हा बोलायचं. ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहराला फोन लावायची सोय, म्हणजे एसटीडी, देशात पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. आपल्यापर्यंत ती पोचायला आणखी बरीच वर्षं गेली.

खेड्यापाड्यात फोन येण्यामागे एक मोठं काम आहे. १९८४ साली सरकारने सी-डॉट नावाची संस्था काढली. सॅम पित्रोदा हे तिच्या मागचं मोठं नाव. त्याआधीची एक्सचेंज बाहेरच्या देशातल्या हवेसाठी बनवलेली, त्यांना थंड खोली लागायची. सी-डॉटने आपल्या उन्हाळ्यात, धुळीत, वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असं १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्सचेंज तयार केलं. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. राणी चन्नम्मांचं कित्तूर, तेच. तिथून अशी एक्सचेंज गावोगाव गेली आणि त्यांच्या पाठोपाठ पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आले.

ते बूथ आपल्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असतील. काचेची छोटी खोली, आत फोन, बाहेर लाल आकडे पळणारं मीटर. भंडाऱ्याला लावायचं तर ०७१८४, नागपूरला ०७१२. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं आटोपून लोक रांगेत उभे राहायचे. मीटरकडे डोळा आणि तोंडाने घाईघाईत, बरी आहेस ना, पोरं बरी आहेत ना, ठेवते मग.

आता त्या काळात नंबर कुठे राहत होता, ते आठवा. एक तर डायरीत. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर. कालनिर्णयच्या मागे. दाराशेजारच्या भिंतीवर, कोळशाने किंवा खडूने. वर्ष संपलं की नव्या कॅलेंडरवर नंबर उतरवून घ्यायचं काम शाळेत जाणाऱ्या पोराकडे असायचं. भिंतीला रंग द्यायचा तरी आधी कुणीतरी ओरडायचं, थांबा, तिथे मामाचा नंबर आहे.

आणि तेव्हा बहुतेक घरांचा स्वतःचा नंबर नव्हताच. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर, सरपंचांच्या घरचा नंबर, बूथवाल्याचा नंबर. लग्नपत्रिकेवर नंबर छापून त्यापुढे कंसात पी.पी. असं लिहायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, बोलणारा मी. बूथवाला पोराला धाडायचा, जा, अमक्याच्या सुनेला सांग, माहेरून पंधरा मिनिटांनी फोन येणार आहे. सून कामं टाकून, डोक्यावर पदर घेऊन निघायची. आणि दुकानात चार माणसं बसलेली असताना आईशी काय बोलणार? सगळं ठीक आहे, एवढंच.

डायरीतल्या नोंदीही पाहा. बहिणीचा नंबर बहिणीच्या नावाने क्वचितच असायचा. जावई, वरठी. भाऊजी, तुमसर. गुरुजींचं दुकान, पी.पी. बाईपर्यंत पोचायचं तर नंबर पुरुषाच्या नावाखाली शोधावा लागायचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. नंबर कुणाच्या नावावर आहे, हा मुद्दा पुढे फुटलेल्या फोनाशी येऊन थांबणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

मग मोबाइल आला. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी फोन करणाऱ्याला पैसे पडायचेच, पण उचलणाऱ्यालाही पडायचे. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने साध्या माणसाच्या हातात आला. मिस्ड कॉलची भाषाही तेव्हाच तयार झाली. एक वाजली तर पोचलो, दोन वाजल्या तर तू कर.

याच काळात नंबरांनी भिंत सोडली आणि ते फोनात राहायला गेले. पण फोनात म्हणजे नेमकं कुठे? हे नीट ऐका, कारण फुटलेल्या फोनाचं सगळं कोडं इथे आहे.

पहिलं घर सिमकार्ड. सिम पहिल्यांदा १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडमधल्या फोन कंपनीसाठी बनवलं. सिमचं मुख्य काम म्हणजे हा नंबर कुणाचा ते ओळखणं. पण त्यात थोडी जागा नावांसाठीही असते. आपल्याकडच्या बऱ्याच सिममध्ये २५० नावं मावायची. एका नावापुढे एकच नंबर, आणि नावही लांब लिहिलं की मागून कापलं जायचं. पण एक फायदा मोठा होता. फोन बिघडला तर सिम काढायचं, दुसऱ्या फोनात घालायचं, नावं सोबत आली.

दुसरं घर फोनचा स्वतःचा साठा. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने सीडीएमए प्रकारचे फोन आणले आणि २००३ मध्ये ५०१ रुपये भरून फोन हातात मिळायला लागला. खूप घरांतला तो पहिला मोबाइल. त्या सुरुवातीच्या फोनांत वेगळं सिम नसायचं. सगळं फोनच्या आत. फोन गेला की नावंही गेली. त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला. रात्री शेतात पाणी सोडायला जाणाऱ्याला फोनपेक्षा त्या टॉर्चचंच कौतुक जास्त. सिम घातलेल्या तशा बटणाच्या फोनात नाव लिहिताना नंबर सिममध्ये ठेवायचा की फोनमध्ये, हे निवडता यायचं. आपण काय निवडलं, ते कुणाला आठवतंय?

ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी आपली वाट काढली. दोनचं बटण दाबून धरलं की मुलगा, तीनचं दाबून धरलं की मुलगी. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही लेकीशी बोलता येऊ लागलं, तेही कुणाला न विचारता, दुकानात न जाता. ही लहान गोष्ट नव्हती. पण ते दोन आणि तीन त्या फोनातच राहत. फोन बदलला की आजी पुन्हा कुणावर तरी अवलंबून.

तिसरं घर आलं स्मार्टफोनबरोबर. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्यात नंबर गूगलच्या खात्यात ठेवायची सोय होती. म्हणजे नंबर ना सिममध्ये, ना निव्वळ फोनात. तो इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरात जाऊन बसतो आणि आपल्या फोनात त्याची नक्कल दिसते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि असे फोन आपल्या गावांत झपाट्याने आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांना विचारलं होतं, स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? २०१५-१६ मध्ये देशात शंभरातल्या ४६ बाया हो म्हणाल्या. २०१९-२१ मध्ये ५४.

म्हणजे आज आपल्या एकाच फोनात तीन काळ एकावर एक बसलेले असतात. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं, तेव्हा मातीच्या थरांखाली जुना बौद्ध स्तूप निघाला. टेकडी वरून एकच दिसत होती, आत काळाचे थर होते. फोनाचंही तसंच. पडद्यावर सगळी नावं एका यादीत दिसतात, पण काही सिममध्ये असतात, काही फोनच्या साठ्यात, काही गूगल खात्यात.

आता पडदा फुटतो तेव्हा नेमकं काय फुटतं? वरची काच, तिच्या खालचा टच आणि त्याच्या खालचा डिस्प्ले. हे तिन्ही मिळून जो भाग असतो त्याला दुरुस्तीवाले फोल्डर म्हणतात. नंबर फोल्डरमध्ये नसतात. ते आतल्या बोर्डावर असतात. कोठीची खिडकी फुटली म्हणून आतलं धान जात नाही. पडदा काळा असून फोनची रिंग वाजते आहे, तर समजा, आत सगळं शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे.

आमच्या भागातल्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंचं सांगते. रोवणीचे दिवस होते. बांधीतून धुऱ्यावर चढताना फोन दगडावर पडला. पडदा काळा. रिंग येई, उचलता येईना. त्यांच्या गटाचं हातसडीच्या तांदळाचं काम आहे, नागपूरच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्याच फोनात. छत्तीसगडात दिलेल्या बहिणीचा नंबरही तिथेच. त्या फोन घेऊन एका दुकानात गेल्या. तिथल्या मुलाने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, सॉफ्टवेअर मारावं लागेल. ताईंनी विचारलं, नंबर राहतील ना? तो म्हणाला, ते जातील. ताई म्हणाल्या, मग राहू दे बापू. आणि फोन घेऊन परत आल्या.

त्या परत आल्या, हे फार बरं झालं. सॉफ्टवेअर मारणं म्हणजे फोन आतून पुसून कोरा करणं. पडदा फुटल्यावर त्याची गरज नसते. खिडकी बदलायला कोठी रिकामी करत नाहीत.

मग आम्ही बसून एकेक थर उघडला. सगळ्यात आधी सिम काढलं आणि घरातल्या दुसऱ्या फोनात घातलं. हे पहिलं काम का, तर बँकेचे, आधारचे, सगळे ओटीपी त्याच नंबरावर येतात. फोन बंद असला तरी नंबर चालू राहिला पाहिजे. त्या दुसऱ्या फोनाच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन सिममधली नावं आणा असा पर्याय असतो, तो दाबला. जुने चाळीसेक नंबर निघाले, कितीतरी वर्षांपूर्वीचे. त्यात बहिणीचा नंबर होता. सगळ्यात जुन्या थरात सगळ्यात जवळचं माणूस.

नंतर गूगल खातं. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने ताईंच्या नावाने जीमेल काढून दिलं होतं. पासवर्ड काय, ताईंना माहीत नव्हतं. पण खात्याला नंबर त्यांचाच जोडलेला होता. पासवर्ड विसरलो असं दाबल्यावर सिमवर कोड आला आणि खातं उघडलं. थोड्या वेळाने नावं एकेक करून उतरायला लागली. तांदळाची गिऱ्हाइकं त्यात सापडली.

काही नंबर तरी राहिलेच, ते फोनच्या साठ्यात होते. त्यासाठी फोन पुन्हा सुरू होणं गरजेचं होतं. भात विकून पैसा आल्यावर ताईंनी दुसऱ्या दुकानात, समोर बसून, फोल्डर बदलून घेतला. फोन लागला आणि उरलेली नावंही दिसली. त्याआधीच गटातल्या बायांचे नंबर मात्र त्यांना सगळ्यात सोप्या वाटेने मिळाले होते. ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोण कोण आहे, ते शेजारच्या वहिनींच्या फोनात उघडलं आणि वाचून लिहून घेतलं. आपले नंबर दुसऱ्या बायांच्या फोनातही राहतात, हे आपण विसरतो.

आता हीच रीत थोडक्यात सांगते. रेडिओवर ऐकणाऱ्यांनी कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा.

पडदा दिसतो पण टच चालत नाही, असं असेल तर ओटीजी नावाची छोटी पिन मिळते. तिला कॉम्प्युटरचा माऊस जोडायचा आणि पिन फोनला लावायची. पडद्यावर बाण दिसतो, त्याने कुलूप उघडता येतं आणि नावं बाहेर काढता येतात. ही सोय सगळ्याच फोनांत नसते, पण आधी करून बघायला हरकत नाही. पडदा पूर्ण काळा असेल तर माऊसचा उपयोग नाही, कारण बाणच दिसणार नाही. मग सिम, गूगल खातं आणि फोल्डर बदलणं, या क्रमाने जायचं.

कुणी म्हणेल, केबल लावून कॉम्प्युटरने नंबर काढून देतो. हल्लीच्या फोनात आतला साठा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली म्हणजे आपला पिन किंवा नमुना. तो टाकल्याशिवाय आतलं काही वाचता येत नाही. ही अडचण नाही, हे आपलं संरक्षण आहे. हरवलेल्या फोनातलं उद्या कुणीही काढू नये म्हणूनच ते आहे. फोल्डर बदलायला दुकानदाराला आपला पिन लागत नाही. तपासायला लागलाच तर आपण स्वतः टाकायचा. बँकेचा पिन, यूपीआयचा पिन आणि ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० हा सरकारी नंबर आहे, लगेच लावायचा.

सिम हरवलं किंवा तुटलं आणि कंपनीकडून नवं घेतलं, तर नंबर तोच मिळतो, पण जुन्या सिमवरची नावं नव्या सिमवर येत नाहीत. बऱ्याच जणींची इथे गफलत होते. आणि चुकून नावं पुसली गेली असतील, तर गूगल कॉन्टॅक्टमध्ये मागच्या ३० दिवसांतली यादी परत आणायची सोय आहे. म्हणून उशीर करू नका. दुसऱ्याच्या फोनात आपलं खातं उघडलं असेल तर काम झाल्यावर ते तिथून काढून टाका. नाहीतर आपली सगळी माणसं त्यांच्या यादीत जाऊन बसतील.

आता त्या जुन्या मुद्द्याकडे येते. नंबर कुणाच्या नावावर? आज डायरी नाही, बूथ नाही, फोन आपल्या हातात आहे. तरी गटागटांत मी पाहते, बाईच्या फोनातलं गूगल खातं पोराच्या नावाचं असतं, नवऱ्याचं असतं, कधी तर दुकानदाराने काढून दिलेलं, ज्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतं. सिम सासऱ्यांच्या नावावर असतं. फोन चांगला असतो तोवर हे जाणवत नाही. फुटला की जाणवतं, कारण परत मिळवताना प्रत्येक पायरीवर विचारलं जातं, खातं कुणाचं? नंबर कुणाचा? दुकानात चार माणसांसमोर आईशी बोलणारी ती सून आणि पोराला पासवर्ड विचारणारी आजची बाई, दोघींची अडचण एकाच जातीची आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, वहीत लिहून ठेवा म्हणजे झालं. वही चांगलीच आहे, आपण बचतगटवाल्या बाया, नोंदवहीवर आपला विश्वास. पण ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला ते आठवा. भंडाऱ्याच्या वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. पाण्याने वही आणि फोन असा भेद केला नाही. त्याच वर्षी मार्चपासून टाळेबंदी होती, बैठका बंद होत्या, आणि फोन हाच एकमेकींपर्यंत पोचायचा रस्ता होता. म्हणून एकच जागा पुरत नाही. लोवेलच्या त्या डॉक्टरांनी दीडशे वर्षांपूर्वी हेच ओळखलं होतं.

तर माझं सांगणं असं. येत्या बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की दहा मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीने फोन उघडून बघायचं, नवा नंबर ठेवताना तो कुठे ठेवला जातो, सिममध्ये, फोनमध्ये की गूगल खात्यात. खातं स्वतःच्या नावाचं आहे का, त्याला जोडलेला नंबर स्वतःचा आहे का. नसेल तर लेकीला, सुनेला, सीआरपी ताईंना सोबत घेऊन नवं काढायचं. पासवर्ड घरात आपल्या जागी लिहून ठेवायचा, मोबाइलच्या कव्हरमध्ये नाही. त्या खात्यात अधूनमधून जायचं, कारण दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल बंद करू शकतं.

दुसरं, गटाच्या ठरावाच्या वहीत शेवटच्या पानावर सगळ्या सदस्यांचे नंबर लिहा. सदस्याचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहा, अमक्याची बायको असं नाही. बँकेचा, पशुवैद्यकीय दवाखान्याचा, आशाताईंचा, माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांचाही लिहा. त्या पानाची एक नक्कल ग्रामसंघात ठेवा. पूर आला तरी दोन्हीकडे एकदम येणार नाही.

आणि तिसरं, तीन नंबर पाठ करा. स्वतःचा, घरातल्या एका माणसाचा आणि गटातल्या एका बाईचा. दळण दळताना म्हणा, निंदण करताना म्हणा. गटातल्या बाईचा का, असं कुणी विचारलं तर सांगा, घरातलाच फोन फुटला असेल किंवा घरातूनच त्रास असेल, तर बाहेर एक ओळखीचा आवाज हवा.

पाठ झाले की पुढच्या बैठकीत एकमेकींना म्हणून दाखवा. जिचा चुकेल तिने सगळ्यांना चहा पाजायचा.